गाण्याआधीची हाक

कोल्हापूर,
१९ जानेवारी १९९५

प्रिय जय,

तुझ्याविना वाजवायचं म्हणजे मीठ न घातलेली आमटी, आणि आपल्या बँडचं नाव तर मिठागर! काल इथल्या कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं. तुझ्या जागी आणलेला गोरेगावचा ड्रमर हात बरा चालवतो, पण मधेच त्याला स्टेजवर आपण एकटेच आहोत असं वाटायला लागतं. जितू बास वाजवता वाजवता त्याच्याकडे असे डोळे वटारत होता की पुढच्या रांगेतल्या मुली घाबरल्या. गायलो मी. माझा आवाज तुला माहीतच आहे, तेव्हा त्यावर कागद फुकट घालवत नाही.

येताना मेटॅडोर कराडच्या अलीकडे बसली. आम्ही तिघं ढकलतोय आणि ड्रायव्हर आत बसून पान लावतोय. जितू म्हणाला, "यार, इससे अच्छा तो पप्पा के कारखाने में तपेली घासता." पण हे सगळं तोंडदेखलं. स्टेजवर चढला की त्याचा चेहरा बघावा.

आता मुख्य बातमी. कार्यक्रम संपल्यावर मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस भेटला. त्याला आपलं 'हात दे रं' गाणं हवंय. पूर्ण कॅसेट काढू म्हणतो. मी सांगितलं, गाणारा आणि ड्रम वाजवणारा खरा माणूस उत्तनला मासे पकडतोय, त्याच्याशिवाय करायचं नाही. तो म्हणाला, मग त्याला आणा की! त्याला काय कळणार, तुमच्याकडे होडी पाण्यात असेपर्यंत माणूस सुटत नाही ते.

जय, जूनमध्ये होड्या वर ओढल्या की रेकॉर्डिंग करू. तोवर मी कंपनीला झुलवतो. तू फक्त हो म्हण. आणि पत्राने म्हण, तुमच्या चौकातल्या वाण्याकडे फोन केला की तो मला कांद्याचा भाव सांगतो.

आयला आणि वहिनींना नमस्कार. गुणवंतदादाला सांग, त्याची जाळं ओढतानाची हाक आपल्या गाण्यातून कोल्हापुरात पोचली.

तुझा,
कौस्तुभ


उत्तन,
६ फेब्रुवारी १९९५

प्रिय कौस्तुभ,

पत्र आलं तेव्हा मी दर्यावर होतो. परत आलो तर सुलूवहिनीने ते बोंबलाच्या पाटीवर ठेवलेलं, त्यामुळे वास आलाच तर तो कोल्हापूरचा नाही, आमच्या घरचा आहे. मी ते दादाला वाचून दाखवलं. कोल्हापुरात त्याची हाक पोचली हे ऐकून तो एवढा खूश झाला की दिवसभर उगाच ओरडत होता. जाळं ओढायचं नसतानाही "हात दे रंऽऽ" करतो आणि खलाशी धावत येतात. खलाशांतल्या काशीनाथने वैतागून त्याला शिवी दिली.

मी हो म्हणतो. शंभरदा हो म्हणतो.

पण कौस्तुभ, तुला एक मनातलं सांगतो. मला भीती वाटते. बाबा गेल्यापासून होडी दादा एकटा सांभाळतो. तो तांडेल, होडीवर हुकूम त्याचा, मी त्याचा उजवा हात. मी एक फेरी चुकवली तर भाड्याचा माणूस घ्यावा लागतो, आणि तो माणूस दादाच्या मनासारखं जाळं टाकत नाही. दादा तोंडाने काही म्हणत नाही. उलट म्हणतो, "तू जा रं, वाजव तुजी ढोलकी. मी हाय ना." ड्रमला तो ढोलकीच म्हणतो. गावात किरिस्तावांच्या लग्नात बँडबरोबर वाजवायला जायचो तेव्हाही असंच म्हणायचा. पण तो असं म्हणाला की मला जास्तच अपराधी वाटतं.

आणि दुसरी भीती ही की तुम्ही कंटाळाल. तो गोरेगाववाला सुधारेल, नाहीतर दुसरा कोणी मिळेल, आणि मग मी पावसाळ्यापुरता पाहुणा. जितूच्या बाबांच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी मशिनी बंद असताना आपण वाजवायचो, तेवढे दिवस सोडले तर मला आयुष्यात दुसरं काही स्वतःसाठी हवंसं वाटलेलं नाही. मला काढू नका, एवढंच मागतो.

तुझा,
जय


नवघर, भाईंदर,
१५ सप्टेंबर १९९५

जय महाराज, आता तुम्हाला प्रिय म्हणायचं की माननीय?

गेल्या रविवारी 'हात दे रं' एफएमवर तीनदा लागलं. तीनदा! आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरचे शाहकाका, ज्यांनी माझ्या गिटारविरुद्ध सोसायटीत अर्ज केला होता, ते जिन्यात थांबवून म्हणाले, "बेटा, तारूं गाणुं मस्त छे." बाबा तर ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलेत. गणपतीत काशीगावच्या मंडपापासून बोरिवलीपर्यंत सगळीकडे हेच वाजत होतं.

आणि त्यातही लोकांना काय आवडतं सांगू? गिटार सुरू व्हायच्या आधीची दादाची हाक. जूनमध्ये त्याला स्टुडिओत नेलं तेव्हा तो काचेच्या खोलीत शिरायला तयार नव्हता, म्हणाला माशासारखं वाटतं. आणि मग असा ओरडला की रेकॉर्डिस्टने कानावरचे हेडफोन काढून फेकले. कंपनीने कॅसेटवर ती हाक कापली हे अजून माझ्या मनातून जात नाही. "रॉ लगता है" म्हणे! मी आणि जितू किती भांडलो, पण सही केल्यावर कोण ऐकतो? नशीब की रेडिओकडे त्याआधीची टेप गेली होती. त्यामुळे हाक फक्त रेडिओवर ऐकू येते. कॅसेट घेतलेले लोक दुकानदाराशी भांडतात म्हणे, की हे ते गाणं नाही.

आता नीट वाच. गुरुवारी, १२ ऑक्टोबरला संध्याकाळी एफएमवर आपली तिघांची मुलाखत आहे, थेट. ममता नावाची निवेदिका घेणार आहे, फार गोड बोलते, जितूने आत्तापासून दाढी करायला सुरुवात केली आहे. दुसऱ्या दिवसापासून पुणे, नाशिक, नागपूर, इंदूर असा दौरा. एकवीस दिवस. जय, या वेळी मी गोरेगाववाल्याला नेणार नाही. लोक तुझा आवाज मागतात. तू आला नाहीस तर आम्ही काय तोंड दाखवणार?

जितूबरोबर एक रेडिओ पाठवतोय, होडीसाठी. तुमच्या जुन्या डब्यावर फक्त आकाशवाणी लागते. याच्यावर एफएमही लागतं. किनाऱ्यापासून बऱ्याच आतपर्यंत पकडतो, असं दुकानदार छातीठोकपणे म्हणाला. दादाला सांग, गुरुवारी संध्याकाळी कुठेही असलास तरी लाव. तुझं नाव घेणार आहोत.

तुझा,
कौस्तुभ


उत्तन,
१ ऑक्टोबर १९९५

प्रिय कौस्तुभ,

येतोय. दादानेच ठरवलं. मी म्हटलं, एकवीस दिवस फार होतात, हंगाम ऐन भरात आहे. तर म्हणाला, "जलमभर दर्यावरच हायेस की. जा." मग आयकडे वळून म्हणाला, "याचा आवाज रेडिओवर येतोय आन् यो जाळी शिवत बसलाय. लोक मना हसतील." नवघरचा एक माणूस भाड्याने घेतलाय, माझ्या जागी.

रेडिओ पोचला. आमच्या घरात आता त्याची पूजाच व्हायची बाकी आहे. दादा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून होडीवर नेतो आणि परत आणतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. हवामानाचा अंदाज त्याच्यावरच ऐकतो आणि तो झाला की बटण फिरवून आपलं गाणं लागतंय का बघतो. लागलं की आजूबाजूच्या होड्यांना ओरडून सांगतो. त्याची शिवांगी दोन वर्षांची आहे, तिला कळत काही नाही, पण रेडिओतून बापाची हाक आली की टाळ्या पिटते.

वहिनी मला म्हणाली, "भावोजी, तुमचं नाव होतंय आन् मिरवतायत ह्ये." पण म्हणताना ती स्वतःही मिरवत होती.

गुरुवारी सकाळच्या बसने येतो. माझ्याकडे चांगला शर्ट नाही, तुझा निळा ठेव.

तुझा,
जय


उत्तन,
८ नोव्हेंबर १९९५

प्रिय कौस्तुभ, जितू,

नागपूरहून निघालो तेव्हा तुमच्याशी धड बोललो नाही, म्हणून लिहितोय.

दादा सापडला नाही. मुलाखतीच्या त्याच गुरुवारी रात्री वादळ आलं आणि होडी उलटली. काशीनाथ आणि दोन खलाशी रिकाम्या पिंपाला धरून राहिले, त्यांना दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याच्या होडीने उचललं. नवघरहून आणलेला माणूस पण गेला. आपण पुण्यात वाजवत होतो तेव्हा इथे सगळं गाव किनाऱ्यावर उभं होतं. आपल्या दौऱ्याचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. तुझ्या बाबांनी आयोजकांचा नंबर शोधून काढला म्हणून मला नागपुरात तरी कळलं.

आयने विधी करायला बरेच दिवस अडवून धरलं. शेवटी केले. होडी उत्तरेच्या खडकात अडकलेली मिळाली, पिशवीत गुंडाळलेला रेडिओ आत तसाच होता. होडी दुरुस्त होईल. ती आता मी चालवणार. दुसरं कोण आहे?

तुम्ही माझी वाट बघू नका.

जय


नवघर,
२० डिसेंबर १९९५

प्रिय जय,

परवा घरी येऊन गेलो. तू दारात उभा राहून माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलत होतास. वहिनींनी रेडिओ लावला तसा तू बंदराकडे चालायला लागलास. मी मागे आलो, तर तू हाताने नको म्हणालास.

तू रागावला आहेस हे मला कळतं. नागपूरहून तुला एकट्याला गाडीत बसवून दिलं आणि आम्ही इंदूरला गेलो. आयोजकांनी तिकिटं विकली होती, जितू म्हणाला थांबू या, मी म्हणालो शब्द दिलाय. गोरेगाववाल्याला तार करून बोलावलं आणि वाजवलं. लोक नाचले. माझ्या आयुष्यात इतकं वाईट वाजवलेलं नाही, आणि टाळ्या मात्र थांबेनात. तू मला शिव्या दे, पण असा गप्प राहू नकोस.

मी एक गोष्ट केली आहे. ममताला दादाविषयी सांगितलं. ती रडली. येत्या ४ जानेवारीच्या गुरुवारी ती त्याची हकिकत सांगणार आहे, की भावाची मुलाखत ऐकत दर्यावर असलेला तांडेल, आणि मग त्याची हाक. त्यानंतर दर गुरुवारी त्याच्या नावाने गाणं लावायचं असं ठरलंय. वहिनींना बरं वाटेल. तुलाही वाटेल, निदान मला तशी आशा आहे. मला दुसरं काहीच करता येत नाही रे.

आणि तू परत यावंस. कधीही. पुढच्या पावसाळ्यात म्हण.

तुझा,
कौस्तुभ


उत्तन,
१ जानेवारी १९९६

कौस्तुभ,

मी तुझ्यावर रागावलेलो नाही. देवाशपथ. पण गुरुवारचं रद्द कर, तुझ्या पाया पडतो.

काशीनाथ बरा होऊन आला तेव्हा त्याने मला एकट्याला बोलावून सांगितलं. त्या संध्याकाळी आकाशवाणीवर इशारा दिला होता, सगळ्या होड्यांनी परत फिरावं. बाकीच्यांनी ऐकला आणि जाळी अर्धवट टाकून फिरले. आपल्या होडीवर रेडिओ लागला होता, पण एफएमवर. एरवी दादा आधी हवामान ऐकायचा आणि मग बटण फिरवायचा. त्या दिवशी मुलाखतीची सुरुवात चुकेल म्हणून त्याने आधीपासूनच तिकडे लावून ठेवलं होतं. सगळ्यांना गप्प बसवलं होतं. मी बोललो, तू बोललास, जितूने तो विनोद केला, ते सगळं त्यांनी ऐकलं. काशीनाथ म्हणतो, दादा हसत होता.

बाजूने पाली गावची एक होडी जोरात परत चालली होती. तिच्यावरची माणसं ओरडून हात हलवत होती. इंजिनाच्या आवाजात शब्द कळेनात. दादाला वाटलं, तेही आपलंच ऐकतायत, शाबासकी देतायत. म्हणून त्यानेही उभं राहून हात हलवला.

हे मी आयला सांगितलेलं नाही, वहिनीला तर नाहीच. काशीनाथला शपथ घातली आहे. त्या दोघी रेडिओजवळ बसून दादाच्या हाकेची वाट बघतात. ती लागली की वहिनी पदर तोंडाला लावते आणि मग दिवसभर तिला जरा जेवण जातं. तिला कसं सांगू, की बाई, याच डब्याने? मी तिथे थांबू शकत नाही आणि बंद कर असंही म्हणू शकत नाही. म्हणून बंदराकडे जातो.

ममता ती हकिकत सांगेल, तेव्हा गावातला कोणीतरी शहाणा हिशेब जुळवेलच, की ऐकत कसा होता, मग इशारा कसा ऐकला नाही. त्यांना जुळवू देऊ नकोस. आणि जमलं तर ते गाणंच बंद होईल का बघ. मला माहीत आहे मी काय मागतोय. पण बघ.

जय


नवघर,
१३ जानेवारी १९९६

जय,

तुझं पत्र गेल्या शनिवारी पोचलं. गुरुवार होऊन गेला होता.

मी ते वाचलं आणि जिन्यातच बसलो. तो रेडिओ मी घेतला होता. दुकानात एफएम पकडतो की नाही हे मी तीनदा तपासून घेतलं होतं. तू हे मला लिहायला दोन महिने का घेतलेस ते आता कळलं, मला वाचवत होतास. मी मात्र तू रागावलायस असं धरून बसलो होतो.

सोमवारी रेडिओ स्टेशनवर गेलो. ममताला खरं कारण सांगितलं नाही, फक्त घरच्यांना त्रास होतो म्हटलं. ती म्हणाली, हकिकत पुन्हा सांगणार नाही. पण गाणं तिच्या हातात नाही. त्या गुरुवारनंतर फर्माइशींची पोती आली आहेत, तिने मला दाखवली. लातूरच्या एका बाईंनी मुंबईत मामाकडे आल्या असताना ऐकलं म्हणून लिहिलंय. कंपनीत गेलो. साहेब म्हणाला, "भाई, गाना चल रहा है और तू बंद करने को बोलता है? तबियत ठीक है?" कागदावर माझीच सही आहे. गाणं त्यांचं आहे. आपण बनवलेलं, दादाने ओरडलेलं, आणि आपल्याला ते थांबवता येत नाही.

जितूला मी सांगितलं, तुझी परवानगी न घेता, माफ कर. दुसऱ्या दिवसापासून तो पप्पांच्या कारखान्यात बसायला लागला. बास विकणार म्हणतो. मार्चपर्यंतचे कार्यक्रम घेतलेत, ते गोरेगाववाला आणि मी करू. लोकांना फरक कळत नाही.

सांग ना, मी काय करू?

कौस्तुभ


उत्तन,
१७ जून १९९६

प्रिय कौस्तुभ,

उत्तराला उशीर झाला. होडी आता वर ओढली आहे, म्हणून वेळ आहे.

तू काही करू नकोस. तुझा दोष नाही. दादाचाही नाही. मी या पाच महिन्यांत पाण्यावर बसून दोष कोणाचा ते पुष्कळ शोधलं, कोणाकडेच नेऊन ठेवता येत नाही. गावात कोणी काही जुळवलं नाही. जुळवलं असेल तर आमच्यासमोर बोलले नाहीत, ही त्यांची मेहेरबानी.

गाणं बंद करायच्या मागे आता लागू नकोस. मी चुकीचं मागितलं होतं. शिवांगी आता बोलते. रेडिओवर हाक आली की असेल तिथून धावत येते, "बाबा आला!" म्हणते, आणि गिटार सुरू झाली की "गेला" म्हणते. पुढचं सगळं गाणं, म्हणजे तुझी गिटार आणि माझा आवाज, तिच्या काही कामाचं नाही. वहिनी तिला सांगते, बाबा लांब कामाला गेलाय, तिथून हाक मारतो. पोरीला बापाचा चेहरा आठवत असेल असं मला वाटत नाही. फोटो एकच आहे, त्यात त्याने डोळे मिटलेत.

रेडिओ होडीवर मीच नेतो. न्यावाच लागतो, हवामानाशिवाय खलाशी निघत नाहीत. बटण आकाशवाणीवर ठेवून वर पट्टी चिकटवली आहे. घरच्यासाठी वहिनीने दुसरा घेतलाय.

तू परत ये म्हणाला होतास. मी नाही येणार. तोंड उघडलं की गळा बंद होतो, खोटं सांगत नाही, एकदा डोंगरीच्या लग्नात लोकांनी आग्रह केला तेव्हा बघितलं. माझ्या जागी चांगला गाणारा घे. मागे मला काढू नका असं मी लिहिलं होतं, ते आता मनातून काढून टाक.

जय


नवघर,
११ जुलै १९९८

प्रिय जय,

दोन वर्षं झाली पत्र लिहून. मधे रस्त्यात दोनदा भेटलो आणि पावसाविषयी बोललो, ते धरत नाही.

मी आता विमा कंपनीत आहे. गिटार कपाटावर आहे. शेवटचा कार्यक्रम पनवेलला केला, शंभरेक खुर्च्या आणि निम्म्या रिकाम्या. जितूच्या तपेल्या मात्र छान चालल्यात.

हे पत्र एवढ्यासाठीच. तू ऐकलं असशीलच, एफएमवरचे आपले ते कार्यक्रम गेल्या महिन्यात संपले. ज्या खासगी कंपन्यांनी रेडिओची वेळ भाड्याने घेतली होती त्यांची मुदत संपली, ममता वगैरे सगळे घरी. आता तिथे दुसरंच काही लागतं. तू कधीतरी विचारलं होतंस, ते गाणं बंद होईल का. झालं. आपण काही न करताच झालं. तुला निदान आता शांत वाटावं.

तुझा,
कौस्तुभ


उत्तन,
२ ऑगस्ट १९९८

प्रिय कौस्तुभ,

बरं झालं लिहिलंस. इथे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. वहिनीला वाटलं रेडिओ बिघडला. भाईंदरला नेऊन दुरुस्त करून आणला. मग वाटलं तार हलली असेल, म्हणून शिवांगीला घेऊन टेकडीवर जाऊन बसायची. शेवटी मी तुझ्या पत्रातलं तेवढंच वाचून दाखवलं. तिने विचारलं, "मंजे आता न्हाय लागनार?" मी नाही म्हटलं. माझे बाबा गेल्याचं कळलं तेव्हा आय जशी बसली होती तशी ती बसली.

मला शांत वाटेल असं मलाही वाटायचं. कौस्तुभ, त्या रेडिओवरची टेप मिळेल का? कॅसेट घरात आहे, पण तिच्यावर हाक नाही, गाणं आहे. गाणं कोणाला पाहिजे? नुसती सुरुवातीची हाक मिळाली तरी चालेल. कोणाकडून तरी भरून घे. शिवांगी पाच वर्षांची आहे. ती रोज विचारते.

तुझा,
जय


नवघर,
२७ सप्टेंबर १९९८

प्रिय जय,

काय काय केलं ते सांगतो, म्हणजे मी हलगर्जी केली असं तुला वाटायला नको.

ममताला शोधलं, ती लग्न होऊन बडोद्याला गेली आहे. तिने फोनवर दिलेल्या पत्त्यावर गेलो, तर स्टेशनच्या टेपा कोणी नेल्या ते तिथल्या कोणालाच माहीत नाही. स्टुडिओत गेलो. रेकॉर्डिस्ट तोच आहे, त्याला दादा आठवतो. पण टेप महाग, एक काम झालं की तिच्यावर पुढचं भरतात. आपल्या टेपवर आता कोणाची तरी भजनं आहेत. कंपनीने ऑफिस बंद केलंय.

मग सुचलं, लोक रेडिओवरून गाणी भरून घेतात. बिल्डिंगमध्ये विचारलं, ऑफिसात विचारलं, जितूने कारखान्यातल्या सगळ्या पोरांना कामाला लावलं. अकरा कॅसेटा जमल्या. अकराही मी बसून ऐकल्या. सगळ्यांत गाणं आहे, हाक कशातही नाही. कारण माणूस करतो काय, गाणं ओळखलं की धावत जाऊन बटण दाबतो. आणि गाणं ओळखायचं कशावरून, तर हाकेवरून. बटण दाबेपर्यंत ती होऊन गेलेली असते. एकात शेवटचा "ऽऽ" आहे, अर्धा श्वास म्हण. तो पाठवतोय. त्यात दादा ओळखू येत नाही.

जवळजवळ तीन वर्षं सगळ्या मुंबईत जी ओरडत होती ती आता कोणाकडेही नाही. जितू माझ्यासमोर रडला. मी वहिनींना तोंड कसं दाखवू?

कौस्तुभ


उत्तन,
२० ऑक्टोबर १९९८

प्रिय कौस्तुभ,

कॅसेट मिळाली. तू आणखी शोधू नकोस.

आम्ही शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणून ती लावली. वहिनीने तीनदा ऐकली आणि काढून ठेवली. शिवांगी म्हणाली, यात बाबा कुठे आहे? ती रडायला लागली, थांबेचना. आय म्हणाली, "जया, तू मार की हाक. माज्याच पोटचे ना दोगं." मी नको म्हणत होतो. तीन वर्षांत मी मोठ्याने आवाज काढलेला नाही, होडीवरसुद्धा हाक काशीनाथ देतो. पण पोर रडायची थांबत नव्हती, म्हणून अंगणात उभा राहिलो आणि दिली.

पहिली वर गेली. दुसरी जरा खाली घेतली. दादा शेवटी ओढायचा की तोडायचा, ते मला आठवेना. मी, ज्याने हजारदा त्याच्या हाकेवर जाळं ओढलं, त्याला आठवेना. चौथ्या-पाचव्या खेपेला काहीतरी जमलं. जमलं का ते मला ठाऊक नाही.

शिवांगी रडायची थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "हां, अशीच व्हती. बाबा असाच वरडायचा ना, काका?"

मी हो म्हटलं. वहिनी उंबऱ्यात उभी होती. ती आत निघून गेली.

आता रोज संध्याकाळी पोरगी मला ओरडायला लावते.

तुझा,
जय